‘फायरफ्लाय’पासून ‘सेरेनिटी’पर्यंत: रद्द झालेली मालिका आणि तिचा चित्रपट नऊ रविवारांत एकत्र कसा पाहावा

दूरचित्रवाणीवरची विज्ञानमालिका पहिल्याच हंगामात बंद पडावी आणि तिची अडकलेली गोष्ट पुढे मोठ्या पडद्यावर मार्गी लागावी, असे क्वचितच घडते. जॉस व्हेडन यांची, एका अवकाशजहाजावरील नऊ माणसांची ‘फायरफ्लाय’ ही मालिका अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवर २० सप्टेंबर २००२ रोजी सुरू झाली आणि त्याच वर्षी २० डिसेंबरला थांबली. तयार झालेल्या १४ भागांपैकी ११ भाग दाखवले गेले, ३ भाग त्या वाहिनीने दाखवलेच नाहीत. प्रेक्षकांनी ती सोडली नाही. डिसेंबर २००३मध्ये डीव्हीडीचा संच बाजारात आल्यावर त्याची विक्री इतकी चांगली झाली की युनिव्हर्सल स्टुडिओने या कथेवर चित्रपट काढण्याची तयारी दाखवली. तो चित्रपट म्हणजे ३० सप्टेंबर २००५ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेला, ११९ मिनिटांचा ‘सेरेनिटी’. २००६मध्ये त्याला विज्ञानकथा व अद्भुतकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार दीर्घ नाट्यप्रस्तुतीच्या विभागात मिळाला.

पुण्यात चार जणांनी एकत्र बसून चित्रपट पाहावा आणि मग त्यावर बोलावे, ही सवय नवी नाही. फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांच्या रसास्वाद शिबिरांतून तयार झालेले प्रेक्षक जवळजवळ प्रत्येक पेठेत आणि उपनगरात भेटतात. अशा एखाद्या घरगुती गटाने ही मालिका आणि हा चित्रपट सलगपणे पाहायचे ठरवले, तर आखणी कशी करावी, याची माहिती पुढे दिली आहे. गटातील निदान एका व्यक्तीने दोन्ही आधी पाहिलेले असावे, असे येथे गृहीत धरले आहे. चित्रपटातील महत्त्वाच्या घटना या लेखात उघड केलेल्या नाहीत, आणि आयोजकानेही त्या उघड करू नयेत.

क्रम आधी पक्का करावा

या सगळ्या खटाटोपात सर्वांत महत्त्वाची गोष्ट क्रमाची आहे, कारण मालिकेचे पहिले नुकसान क्रमामुळेच झाले. व्हेडन यांनी सुरुवातीला दोन तासांच्या प्रक्षेपणाचा भाग तयार केला होता. त्याचे नावही ‘सेरेनिटी’ असेच आहे. त्यात युद्धातील पराभव आहे, जहाज आहे आणि जहाजावरील नऊ माणसे एकमेकांना प्रथम कशी भेटतात तेही आहे. वाहिनीला तो भाग पसंत पडला नाही. तिने अधिक वेगवान आरंभ मागितला, म्हणून व्हेडन आणि त्यांचे सहकारी टिम मिनियर यांनी एका शनिवार-रविवारात ‘द ट्रेन जॉब’ हा भाग लिहिला आणि प्रक्षेपण त्याच भागाने सुरू झाले. मूळ पहिला भाग प्रेक्षकांना दिसला तो सर्वांत शेवटी, २० डिसेंबरला, म्हणजे मालिका रद्द झाल्यावर. मधले भागही मागेपुढे झाले: सहावा असलेला ‘अवर मिसेस रेनॉल्ड्स’ तिसऱ्या आठवड्यात आला आणि चौथा असलेला ‘शिंडिग’ नोव्हेंबरमध्ये. ही माणसे कोण आहेत, ती एकत्र का राहतात आणि डॉक्टरची बहीण अशी का वागते, हे ज्यात सांगितले होते तो भागच सर्वांच्या शेवटी आला, तर नव्या प्रेक्षकाने कशाच्या आधाराने मालिका धरून ठेवायची?

म्हणून निर्मात्याने योजलेला क्रमच पाळावा. तो असा आहे: ‘सेरेनिटी’, ‘द ट्रेन जॉब’, ‘बुशव्हॅक्ड’, ‘शिंडिग’, ‘सेफ’, ‘अवर मिसेस रेनॉल्ड्स’, ‘जेन्सटाउन’, ‘आउट ऑफ गॅस’, ‘एरियल’, ‘वॉर स्टोरीज’, ‘ट्रॅश’, ‘द मेसेज’, ‘हार्ट ऑफ गोल्ड’ आणि ‘ऑब्जेक्ट्स इन स्पेस’. डीव्हीडी आणि ब्लू-रे संचांत भाग याच क्रमाने आहेत. ऑनलाइन पाहणार असाल तर सुरू करण्यापूर्वी यादी एकदा तपासावी. पहिल्या स्थानी ‘द ट्रेन जॉब’ दिसला, तर ती यादी बाजूला ठेवून वरील क्रम कागदावर लिहून घ्यावा. नावाचा घोटाळाही लक्षात ठेवावा. ‘सेरेनिटी’ हे पहिल्या भागाचे नाव आहे, चित्रपटाचे आहे, जहाजाचे आहे आणि ज्या दरीत नायकाच्या बाजूचा पराभव झाला त्या दरीचेही आहे. शोधताना २००५ हे वर्ष आणि ११९ मिनिटे ही लांबी पाहिली, म्हणजे पहिल्या दिवशी चुकून चित्रपट लागणार नाही.

परदेशातील नातेवाइकाकडून डीव्हीडी मागवणार असाल तर तिचा विभाग क्रमांक (रिजन कोड) विचारून घ्यावा. अमेरिकेतील डीव्हीडी विभाग १च्या असतात आणि भारतातील प्लेअर विभाग ५चे, त्यामुळे सर्व विभाग चालवणारा प्लेअर नसेल तर तबकडी लागत नाही.

नऊ रविवार

चौदा भागांची एकूण लांबी सुमारे अकरा तास होते आणि चित्रपट धरून तेरा. एवढे सगळे एका शनिवार-रविवारात संपवता येते, पण तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ही मालिका आठवड्याला एक भाग या बेताने रचलेली आहे. प्रत्येक भागात एखाद्या व्यक्तीचा एखादा कोपरा उजळतो आणि तो मनात मुरायला काही दिवस जावे लागतात. चित्रपटाचा परिणाम तर पूर्णपणे या मुरण्यावर उभा आहे. त्यात जे हरवते त्याची किंमत ज्याने या माणसांबरोबर काही आठवडे काढले आहेत त्यालाच कळते.

पहिल्या रविवारी केवळ सुमारे दीड तासाचा पहिला भाग पाहावा आणि त्यावर बोलावे. दुसऱ्या रविवारपासून सातव्या रविवारपर्यंत प्रत्येक वेळी क्रमाने दोन भाग घ्यावेत. या जोड्या सोयीच्या पडतात: ‘आउट ऑफ गॅस’ आणि ‘एरियल’ एकत्र येतात, आणि त्यांनंतरच्या आठवड्यात ‘वॉर स्टोरीज’ येतो, ज्यात ‘एरियल’मध्ये डॉक्टरची बहीण रिव्हर हिच्या मेंदूविषयी कळलेल्या गोष्टीचे पडसाद आहेत. आठव्या रविवारी ‘ऑब्जेक्ट्स इन स्पेस’ एकटाच ठेवावा. त्यानंतर एक रविवार मोकळा सोडावा आणि मग नवव्या बैठकीत चित्रपट दाखवावा. मोकळ्या रविवारी कोणीही काहीही पाहू नये. मालिका संपल्याची चुटपुट थोडी लागली पाहिजे. त्या काळच्या प्रेक्षकांनी ती जवळजवळ तीन वर्षे सोसली होती.

पुण्यात हे कधी सुरू करावे, याचाही विचार हवा. जूनच्या पहिल्या रविवारी आरंभ केला, तर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात चित्रपट पाहून होतो. पावसाळ्यात माणसे रविवारी संध्याकाळी घरी सापडतात, ही एक सोय. त्याहून महत्त्वाचे कारण आवाजाचे आहे. या मालिकेत अवकाशातील बाह्य दृश्यांना ध्वनी नाही: जहाज पेटते, वळते, आदळते, पण निर्वातात आवाज पोहोचत नाही हे निर्मात्यांनी मनापासून पाळले आहे आणि त्या ठिकाणी केवळ संगीत किंवा शांतता ठेवली आहे. गणेशोत्सवापूर्वीच्या आठवड्यांत नदीकाठी आणि मैदानांवर ढोल-ताशा पथकांचा सराव चालू असतो; डेक्कन, नारायण पेठ किंवा कर्वेनगरच्या नदीकडेच्या घरात त्या शांततेचा काही अनुभव येणार नाही. पालख्या पुण्यात मुक्कामाला असताना रविवार आला, तर पेठांतले रस्ते बंद असतात. तो रविवार सोडून पुढे सरकावे. दोन रविवारांचे भाग एकाच दिवशी कोंबू नयेत.

वेळ संध्याकाळी साडेचार ते सात ठेवल्यास ज्येष्ठांची दुपारची विश्रांती होते आणि रात्रीच्या जेवणाआधी चर्चाही आटोपते. मधल्या काळात खोलीत चहा फिरवू नये, दोन भागांच्या मध्यंतरात द्यावा.

जागा, पडदा आणि परवानगी

आठ-दहा माणसांना बैठकीची खोली आणि मोठा दूरचित्रवाणी संच पुरतो. प्रोजेक्टर असल्यास खिडक्यांना जाड पडदे लावावेत, कारण जहाजाच्या आतील दृश्ये बरीच अंधारी आहेत आणि चित्रपट त्याहून अंधारा आहे. चित्रपटाची चौकट मालिकेच्या चौकटीपेक्षा बरीच रुंद असल्याने वर-खाली काळे पट्टे दिसतील. चित्र ताणून ते भरण्याची सोय संचात असते. ती बंद ठेवावी.

इंग्रजी उपशीर्षके सुरू ठेवावीत, ज्यांचे इंग्रजी उत्तम आहे त्यांच्यासाठीसुद्धा. पात्रांची बोली अमेरिकेच्या जुन्या सीमाप्रदेशातील इंग्रजीच्या धर्तीवर घडवलेली आहे, वाक्यरचना वळणाची आहे, आणि मधूनमधून चिनी भाषेतील उद्गार व शिव्या येतात. त्या चिनी वाक्यांचा अर्थ मुद्दामच दिलेला नाही आणि तो न कळल्याने काही बिघडत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावे, म्हणजे कोणी दर वेळी थांबवून विचारणार नाही.

घरी कुटुंबीय आणि मित्र जमवून पाहणे वेगळे, आणि सभागृह घेऊन जाहीर निमंत्रणाने किंवा वर्गणी घेऊन दाखवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात हक्कधारकांची लेखी परवानगी लागते, आणि येथे हक्कधारक दोन आहेत: मालिका फॉक्सकडे होती, जी २०१९च्या खरेदीनंतर डिस्नेकडे गेली, तर चित्रपट युनिव्हर्सलचा आहे. एकाची परवानगी दुसऱ्याला चालत नाही. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सर्वांसाठी फलक लावून दाखवण्याचा विचार असेल, तर आधी ही चौकशी पूर्ण करावी.

मुलांच्या बाबतीत सावधगिरी बाळगावी. ‘वॉर स्टोरीज’मध्ये छळाची लांबलचक दृश्ये आहेत, ‘हार्ट ऑफ गोल्ड’ची कथा वेश्यागृहात घडते आणि चित्रपटात हिंसा बरीच आहे. आठवी-नववीच्या खालच्या मुलांना यात बसवू नये.

एका पानाचे टिपण

पहिल्या रविवारी प्रत्येकाच्या हाती मराठीत लिहिलेले एक पान द्यावे. हे पान जितके चांगले होईल तितके पुढील आठवडे सुकर होतील, म्हणून त्यावर वेळ घालवणे योग्य आहे. त्यात कथा सांगू नये, केवळ जग सांगावे.

काळ इ. स. २५१७. पृथ्वी राहण्याजोगी न उरल्यामुळे माणसे दुसऱ्या एका सूर्यमालेत गेली आहेत, जिथे डझनावारी ग्रह आणि शेकडो चंद्र राहण्यालायक करून घेतले आहेत. मध्यवर्ती ग्रह श्रीमंत आणि सुसज्ज आहेत. तेथील सरकारला अलायन्स म्हणतात आणि त्याच्या मुळाशी अमेरिकी व चिनी अशा दोन महासत्तांचा संयोग आहे. बाहेरच्या ग्रहांनी या सरकारविरुद्ध स्वातंत्र्यासाठी युद्ध केले आणि ते हरले. त्यांच्या सैनिकांना तपकिरी कोटांवरून ब्राउनकोट म्हणतात. कथेचा नायक हरलेल्या बाजूचा आहे, ही गोष्ट टिपणात ठळक लिहावी, कारण तिच्यावरच पुढचे सगळे उभे आहे.

एक प्रश्न हमखास येतो: अवकाशयाने असताना लोक घोडे का वापरतात? त्याचे उत्तर टिपणातच द्यावे. बाहेरचे ग्रह नव्याने वसवलेले आहेत, तेथे वसाहतकऱ्यांना जुजबी साहित्यासह सोडले गेले आहे, आणि जिथे कारखाना नाही, इंधन महाग आहे, तिथे घोडा हेच परवडणारे वाहन ठरते. तंत्रज्ञान सर्वांना सारखे मिळत नाही, हा या मालिकेचा एक मूलभूत विचार आहे, आणि मुळशी किंवा वेल्ह्याच्या डोंगरातील वाड्या आणि हिंजवडी यांच्यामधून रोज ये-जा करणाऱ्या प्रेक्षकाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पानाच्या खालच्या अर्ध्या भागात नऊ माणसांची नावे द्यावीत. माल्कम रेनॉल्ड्स हा कप्तान, युद्धातील सार्जंट. ही भूमिका नेथन फिलियन यांची. झोई ही युद्धात त्याच्या हाताखाली लढलेली सहकारी, आणि वॉश हा तिचा नवरा, जहाजाचा चालक. केली ही यंत्रांची जाणकार. जेन हा पैशासाठी लढणारा आडदांड गडी. नाव स्त्रीचे वाटते, म्हणून येथे खुलासा करावा. इनारा ही समाजात प्रतिष्ठा असलेली, परवानाधारक गणिका, जहाजाला जोडलेले एक छोटे यान तिने भाड्याने घेतले आहे. शेफर्ड बुक हे धर्मोपदेशक. सायमन टॅम हा तरुण शल्यचिकित्सक आणि रिव्हर ही त्याची धाकटी बहीण. ती कोण आहे आणि तिच्याबाबत काय झाले आहे, याविषयी पानावर एक शब्दही लिहू नये.

भाग पाहताना कुठे थांबावे

प्रत्येक भागानंतर चर्चा झालीच पाहिजे असे नाही. ‘शिंडिग’ किंवा ‘ट्रॅश’ यांसारखे भाग आनंदाने पाहावेत आणि पुढे जावे. काही ठिकाणी मात्र मुद्दाम थांबावे.

पहिल्या भागात नायक युद्धाच्या मैदानावर आपली श्रद्धा गमावतो. त्या दृश्यात त्याच्या गळ्यात क्रॉस आहे. पुढे हा क्रॉस दिसत नाही. हे लक्षात आणून द्यावे, कारण श्रद्धा गेलेल्या माणसाच्या जहाजावर एक धर्मोपदेशक राहायला येतो आणि त्या दोघांमधील संवाद चित्रपटापर्यंत पुरतो.

‘बुशव्हॅक्ड’मध्ये रीव्हर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रूर टोळ्यांचा विषय येतो. डॉक्टरच्या बहिणीचे नावही मराठी कानाला जवळपास तसेच ऐकू येते, तेव्हा टोळ्यांच्या नावातील ‘री’ दीर्घ आहे हे सांगावे. या टोळ्या संपूर्ण मालिकेत एकदाही समोर दिसत नाहीत. त्यांचे यान दिसते, त्यांनी केलेला विध्वंस दिसतो, वाचलेल्या एका माणसाचे काय झाले ते दिसते. चित्रपटात त्या दिसतात. काय गमावले आणि काय मिळाले, याची चर्चा नंतर करता यावी म्हणून हे येथेच नोंदवून ठेवावे.

‘आउट ऑफ गॅस’साठी सर्वाधिक वेळ राखून ठेवावा. टिम मिनियर यांनी लिहिलेल्या या भागात तीन काळ एकमेकांत गुंफले आहेत: जहाजावर एकटा उरलेला जखमी कप्तान, अपघातापूर्वीचे काही तास, आणि एकेक माणूस जहाजावर कसा आला ती पूर्वकथा. तीनही काळांची रंगछटा वेगळी ठेवलेली आहे. एकदा ते ध्यानात आले की गोंधळ होत नाही. माझ्या मते संपूर्ण मालिकेतील हा सर्वांत श्रेष्ठ भाग आहे, आणि चित्रपटातील जहाजाविषयीचे प्रेम ज्याला समजायचे असेल त्याने हा भाग चुकवूच नये. शक्य असल्यास या दिवशी ‘एरियल’ सुरू करण्यापूर्वी अर्धा तास बोलावे.

‘द मेसेज’ हा क्रमाने बारावा असला तरी चित्रीकरण त्याचे सर्वांत शेवटी झाले, आणि ते चालू असतानाच मालिका रद्द झाल्याची बातमी सर्वांना कळली. संगीतकार ग्रेग एडमन्सन यांनी त्यातील अंत्यविधीच्या दृश्याचे संगीत मालिकेचा निरोप म्हणून रचले. ही माहिती भाग पाहण्यापूर्वी द्यावी. त्या दृश्यातील नटांचे चेहरे मग वेगळ्या नजरेने पाहिले जातात.

मालिकेतील उणिवांवरही बोलावे. ज्या संस्कृतीत चिनी भाषा इतकी सहज मिसळली आहे तिथे मुख्य नऊ माणसांत एकही चिनी किंवा आशियाई वंशाचे का नाही, हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. ‘एरियल’नंतरच्या चर्चेत तो घ्यावा, तोवर प्रेक्षकांना ते जग पुरेसे परिचित झालेले असते.

चित्रपटाच्या आधी काय सांगावे

मालिका आणि चित्रपट यांच्यामध्ये कथेतील काही महिने जातात. त्या काळात इनारा आणि शेफर्ड बुक जहाज सोडून गेले आहेत. इनाराने ‘हार्ट ऑफ गोल्ड’च्या अखेरीस तसे सांगितलेले आहेच, बुक यांचे जाणे मात्र नव्या प्रेक्षकाला अचानक वाटते, तेव्हा चित्रपट लावण्यापूर्वी एवढे दोन वाक्यांत सांगून टाकावे. मालिकेत रिव्हरच्या मागावर असलेली, निळे हातमोजे घालणारी माणसे चित्रपटात येत नाहीत, हेही सांगावे, म्हणजे कोणी त्यांची वाट पाहत बसणार नाही. या मधल्या काळाची कथा ‘दोज लेफ्ट बिहाइंड’ या डार्क हॉर्स कंपनीने २००५मध्ये तीन अंकांत काढलेल्या कॉमिकमध्ये आहे. ते मिळाले तर मोकळ्या आठवड्यात एकमेकांकडे फिरवावे. न मिळाल्यास अडत नाही.

याहून अधिक काही सांगू नये. विशेषतः ‘मन तयार ठेवा’, ‘रुमाल जवळ ठेवा’ अशी वाक्ये आयोजकाने कटाक्षाने टाळावीत. काहीतरी वाईट होणार आहे हे कळलेला प्रेक्षक चित्रपट पाहत नाही, ती घटना कधी येते याचा शोध घेत राहतो.

एक विसंगती पहिल्या पंधरा मिनिटांतच लक्षात येते. मालिकेच्या पहिल्या भागात सायमन सांगतो की त्याने आपले सगळे पैसे एका गटाला दिले आणि त्या लोकांनी रिव्हरला सोडवून आणले. चित्रपटात तो स्वतः त्या जागेत शिरलेला दिसतो. गटातील चाणाक्ष प्रेक्षक लगेच हात वर करील. त्याला नोंद करून ठेवण्यास सांगावे आणि चित्रपट थांबवू नये.

चित्रपट कसा पाहावा

चित्रपट अखंड पाहावा, मध्यंतर घेऊ नये. आपल्याकडे मध्यंतराची सवय आहे, पण हा चित्रपट मध्यंतरासाठी रचलेला नाही आणि त्याच्या उत्तरार्धातील ताण चहासाठी थांबल्यावर परत जुळत नाही.

व्हेडन यांच्यापुढे अवघड काम होते. ज्यांनी मालिका कधीच पाहिलेली नाही त्यांना दहा मिनिटांत सर्व समजले पाहिजे, आणि ज्यांना ती पाठ आहे त्यांना तेच पुन्हा ऐकवल्यासारखे वाटता कामा नये. त्यांनी आरंभी एकात एक अशी दृश्ये ठेवली: निवेदन वाटते ते वर्गातील शिक्षिकेचे बोलणे निघते, वर्ग निघतो तो दुसऱ्याच कोणाच्या मनातला, आणि तेही कोणीतरी नोंदीच्या रूपाने पाहत असते. प्रत्येक पायरीवर जगाविषयी एक नवी गोष्ट कळते. त्यानंतर येते ते जहाजातून फिरणारे, चार मिनिटांहून अधिक चालणारे सलग वाटणारे दृश्य. कॅमेरा कप्तानाच्या मागोमाग खोलीखोलीतून जातो आणि जहाजावर उरलेल्या प्रत्येकाची ओळख करून देतो, शिवाय जहाजाची रचनाही प्रेक्षकाच्या ध्यानात बसवतो. मालिका बंद पडल्यावर जुने सेट उरले नव्हते, म्हणून हे जहाज चित्रपटासाठी नव्याने उभारावे लागले. आठ रविवार या जहाजात वावरलेल्या प्रेक्षकाला ते दृश्य म्हणजे घरी परतणे वाटते, आणि नवख्याला पहिली भेट. एकच दृश्य दोन प्रेक्षकांसाठी दोन कामे करते, हे त्याचे खरे यश आहे.

चर्चेचा मुख्य विषय मात्र वेगळा असावा, असे मी सुचवीन. मालिकेला वेळ असतो. ती प्रत्येक माणसाला एखादा भाग देऊ शकते. चित्रपटाला दोन तासांत एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करावा लागतो, आणि ‘सेरेनिटी’ने रिव्हरचा प्रश्न निवडला. मालिकेच्या पुढील भागांसाठी योजलेली कथा त्यात दाटीने आली आहे. परिणामी केली, बुक, इनारा यांच्या वाट्याला थोडे आले, कप्तान अधिक कठोर झाला, आणि टोळ्यांचे गूढ उलगडले. कथा पूर्ण व्हावी म्हणून चुकवलेली ही किंमत योग्य होती का? चिवेटेल एजिओफोर यांनी रंगवलेला प्रतिस्पर्धी या प्रश्नाच्या मध्यभागी उभा आहे: तो सभ्य आहे, श्रद्धावान आहे, आपण करतो ते वाईट आहे हे त्याला मान्य आहे, आणि तरीही सुंदर जगासाठी ते करावे लागते असे तो मानतो. ज्या कप्तानाने पहिल्या भागात श्रद्धा गमावली, त्याच्यासमोर श्रद्धेने आंधळा झालेला माणूस ठेवणे ही रचना मालिका पाहिल्याखेरीज पूर्ण उमगत नाही.

ही चर्चा त्याच संध्याकाळी घेण्याचा आग्रह धरू नये. चित्रपट संपल्यावर अनेकांना बोलावेसे वाटत नाही. त्यांना जाऊ द्यावे आणि पुढच्या रविवारी भेटावे. त्या भेटीत पहिल्या भागातील शेवटची दहा मिनिटे आणि चित्रपटातील ते सलग दृश्य पुन्हा लावावे. सायमनच्या विसंगतीचा विषयही तेव्हाच काढावा.

ज्यांच्याकडे नऊ रविवार नाहीत

नोकरीच्या पाळ्या, परीक्षा, परगावची कामे यांमुळे सर्वांना हे जमणार नाही. अशांनी पहिला भाग, ‘बुशव्हॅक्ड’, ‘आउट ऑफ गॅस’, ‘एरियल’ आणि ‘ऑब्जेक्ट्स इन स्पेस’ एवढे पाच तरी पाहावेत. साडेचार तासांहून कमी वेळ लागतो, म्हणजे दोन संध्याकाळी पुरतात. ‘वॉर स्टोरीज’ जमला तर उत्तम. थेट चित्रपट पाहणाऱ्यालाही कथा कळते, त्याची सोय वर सांगितल्याप्रमाणे केलेली आहे, पण मालिका नंतर पाहिल्यास तिच्यातील कित्येक हसरी दृश्ये पुढचे सगळे ठाऊक असल्याने जड होतात. मधल्या आठवड्यांत नव्याने येऊ इच्छिणाऱ्यास पहिला भाग घरी पाहून येण्यास सांगावे आणि मग बसवावे. चित्रपटाच्या दिवशी मात्र नव्या माणसाला घेऊ नये.

चित्रपटानंतर

पुढचा चित्रपट आहे का, असे सर्व जण विचारतात. तो झाला नाही. चित्रपटाला सुमारे ३.९ कोटी डॉलर खर्च आला आणि चित्रपटगृहांतून जगभरात साधारण तेवढीच तिकीटविक्री झाली. वितरण आणि जाहिरात यांचा खर्च पाहता तेवढ्यावर पुढचा चित्रपट उभा राहत नाही. चाहत्यांनी मात्र २००६पासून अनेक शहरांत ‘सेरेनिटी’चे खेळ करून त्यांतून ‘इक्वॅलिटी नाऊ’ या स्त्रीहक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेला निधी दिला, आणि २००७मध्ये अंतराळवीर स्टीव्हन स्वॉन्सन यांनी मालिका व चित्रपट यांच्या तबकड्या आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर नेल्या.

कथा पुढे वाचायची असेल तर कॉमिक आहेत. बुक यांचा पूर्वेतिहास ‘द शेफर्ड्स टेल’मध्ये आहे, ते २०१० साली आले, चित्रपटानंतर काय झाले ते ‘लीव्ह्ज ऑन द विंड’मध्ये आहे, ते २०१४चे. दोन्ही चित्रपटानंतरच वाचावीत, आणि गटात एकच प्रत असेल तर ‘द शेफर्ड्स टेल’ आधी फिरवावे, कारण बुक यांच्याविषयीचे प्रश्न मालिकेने आणि चित्रपटाने दोन्हींनी उघडेच ठेवले आहेत.